सह्याद्री ज्यांच्यासाठी परदेश होता

आजचा विषय आहे परदेशातली डोंगरभटकंती. पण आल्प्स नाही. मी कळंबचा, आंबेगाव तालुक्यातला. आमच्याकडे कुणी ऑनसाईटला गेलं की पहिला फोटो हमखास बर्फाच्या डोंगरावरून येतो. आज उलटी गोष्ट सांगतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपला सह्याद्री ज्यांच्यासाठी परदेश होता, त्यांची.

त्या काळी पश्चिमेकडची जहाजं मोसमी वाऱ्याच्या भरवशावर यायची. परतायचं तर वारा फिरेपर्यंत थांबणं भाग. कल्याण-सोपाऱ्याचा माल देशावर न्यायचा तर घाट चढणं आलंच. मुरबाडकडून येणारी नाणेघाटाची वाट वर घाटघरला निघते आणि पुढे जुन्नरला पोचते. माथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकात गोळा व्हायची असं सांगतात. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गायी, घोडे, नाणी, सगळं आकड्यांत! भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी हे अंक.

१८२८ च्या उन्हाळ्यात विल्यम साईक्स हा इंग्रज अधिकारी भटकत इथे पोचला आणि या लेण्याची माहिती युरोपात गेली. गावकऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होतंच म्हणा.

पण माझ्या आवडीचे पाहुणे त्याच्या कितीतरी आधीचे. जुन्नरभोवती शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री, तुळजा अशी मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत. भिंतींवर दान देणाऱ्यांची नावं कोरलीत. त्यातले तीन जण स्वतःला ‘यवन’ म्हणवतात. इरिलाने दोन पोढ्या दिल्या. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. चिताने शिवनेरीवर भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला. चंदाने मानमोडीच्या लेण्यात दर्शनी काम करून दिलं.

आता गंमत बघा. लेख ग्रीकमध्ये नाहीत, इथल्या प्राकृतात आहेत. चित, चंद ही नावंही इथलीच वाटतात. हे लोक नुकते जहाजातून उतरलेले, की इथेच रुजलेले, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण दगडावर दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत: आम्ही बाहेरचे, आणि हे पाणी तुमचं. पहिली लपवावी असं त्यांना वाटलं नाही. संघानेही दान घेतलं आणि ‘यवन’ शब्द तसाच राहू दिला.

हे मला आज महत्त्वाचं वाटतं. माझे कितीतरी मित्र बाहेरदेशी आहेत. “तुम्ही मूळचे कुठले?” हा प्रश्न त्यांची पाठ सोडत नाही. आणि इकडे नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट उचलणारी परराज्यातली पोरं दिसली, की आपल्याच तोंडी पटकन येतं, “बाहेरचे आहेत.” तिकडे आपल्या माणसाला मान हवा असेल, तर इकडे यांनाही द्यायला हवा. जुन्नरच्या खडकाला हे केव्हाच जमलंय.

पुढच्या वेळी शिवनेरीला गेलात, तर शिवजन्मस्थान बघून लगेच उतरू नका. लेण्यांकडेही वळा, टाक्यांपाशी जरा थांबा. आणि हो, पाण्यात बाटली टाकू नका. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तहानलेल्यांसाठी ती खोदून घेतलीत.

चला, भेटूया पुढच्या भागात!