पहिलं पायदान कोणाचं?

३ डिसेंबर १९५२, बुधवार. रेडिओ सिलोनवर निवेदक अमीन सयानींनी सात गाणी लावली. त्यांना क्रम कसलाच नव्हता, तो श्रोत्यांनी लावायचा होता. सर्वांत लोकप्रिय कोणतं, त्याखालोखाल कोणतं, असं सातव्यापर्यंत लिहून पत्र टाकायचं. क्रम बरोबर आला तर बक्षीस शंभर रुपये. प्रायोजक बिनाका टूथपेस्ट, म्हणून नाव 'बिनाका गीतमाला'. कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून लघुलहरींवर भारतात ऐकू यायची. एवढा वळसा पडला, कारण त्याच वर्षी नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांना आकाशवाणीवर सिनेसंगीत नको होतं.

पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. वर्षभरात आठवड्याचा आकडा ६५ हजारांवर पोचला. इतकी पत्रं फोडून, वाचून, ताडून बघणं हे काम अफाटच होतं; पण मला खरी अडचण प्रश्नातच दिसते. बक्षिसासाठी लिहिणारा आपली आवड लिहीत नाही, बाकीच्यांना काय आवडेल याचा अंदाज लिहितो. गायक तलत महमूदच्या गाण्यावर जीव असलेला माणूसही शंभर रुपयांसाठी दुसरंच गाणं वर ठेवणार. असं मत मोजून रसिकांचा कौल कसा कळावा?

१९५४ च्या अखेरीस स्पर्धा गेली आणि गीतमाला तासाभराची झाली. आता सोळा गाणी खालून वर चढत वाजू लागली आणि क्रमांकासाठी 'पायदान' हा शब्द घराघरांत रुळला. क्रम ठरवण्यासाठी देशभरच्या दुकानांतून रेकॉर्डच्या विक्रीचे आकडे मागवले जात. पैसे मोजून रेकॉर्ड घेणारा खोटं कशाला बोलेल? पण विक्रीचं माप दिसतं तितकं सरळ नाही. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या दोन्ही बाजूंना एकेक गाणं. गिऱ्हाईक कोणत्या बाजूसाठी आलं, हे विक्रीच्या वहीत उमटत नाही. गाणं फारच चाललं तर दुकानातला माल संपतो, आणि ज्या आठवड्यात सगळे तेच मागत असतात त्याच आठवड्यात त्याची विक्री शून्य दिसते. एखाद्या निर्मात्याने आपल्याच रेकॉर्डी गठ्ठ्याने उचलल्या, तर आकडा फुगतो. आणि ज्याच्याकडे ग्रामोफोनच नाही, जो हॉटेलात चहाच्या कपावर गाणी ऐकतो, त्याला या मोजणीत मतच नाही.

म्हणून विक्रीच्या जोडीला श्रोतासंघ आले. गावोगावच्या रसिकांनी मंडळं काढली आणि ती आपली पसंती कळवू लागली. या जोडणीतली सुज्ञता मला फार मोलाची वाटते. सुटी पत्रं मोजली की उत्साही माणसाचं पारडं जड होतं. तेव्हाच्या बिहारमधलं अभ्रकाच्या खाणींचं गाव झुमरीतलैया आठवा. तिथल्या फर्माइशींचा रेडिओवर असा पाऊस पडे की, असं गाव खरोखर आहे का, अशी लोकांना शंका यायची. त्या हौसेला माझा सलाम, पण पत्रांच्या गठ्ठ्यावरून देशाची आवड ठरवली तर एक गाव शंभर गावांना भारी पडेल. संघाची पसंती म्हणजे चार जणांनी आधी आपसांत भांडून काढलेला निष्कर्ष. दुकानाच्या आकड्यात पैसेवाल्यांचा कल, संघांच्या यादीत ऐकणाऱ्यांचा. दोन्ही मापं अपुरी, पण एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीसारखी नव्हती. म्हणून एकावर दुसऱ्याचा वचक राहिला.

तरी एक पेच उरलाच. फार गाजलेलं गाणं महिनोन्‌महिने हलायचं नाव घेत नाही आणि खालच्या नव्या गाण्याला वाट मिळत नाही. त्यावर सरताज गीताची तोड निघाली. ठरलेल्या हजेऱ्या भरल्या की बिगुल वाजायचं, गाण्याला 'सरताज' म्हणून मान मिळायचा आणि ते शर्यतीतून बाहेर पडायचं. सगळ्या नियमांत मला हा सर्वांत न्याय्य वाटतो. जिंकणाऱ्याला कमीपणा न आणता या नियमाने जागा मोकळी करून घेतली, आणि श्रोत्यांनाही तो निकाल सोहळ्यासारखा वाटला.

पुढे कॅसेटी आल्या. नकली कॅसेट कोणत्याच दुकानाच्या हिशेबात धरली जात नाही, त्यामुळे विक्रीवरून आवड ओळखणं आणखी अवघड झालं. १९८९ मध्ये गीतमाला आकाशवाणीच्या विविध भारतीवर आली. ज्या आकाशवाणीने सिनेगीतांना दार बंद केलं होतं, तिच्याच घरी.