पाऊस, कडबा आणि धारूरचा किल्ला

जानेवारी १६३१ मध्ये शहाजहानचा सरदार आझमखान याने धारूरचा किल्ला निजामशाहीकडून घेतला. बालाघाटच्या डोंगररांगेवर, तीन बाजूंना खोल दऱ्या आणि उरलेल्या बाजूला खंदक व तट, अशी ही बळकट जागा. आदिलशाही सरदार किश्वरखानाने १५६७ च्या सुमारास इथला किल्ला उभारला, पुढच्या दोनेक वर्षांतच मुर्तझा निजामशहाने तो जिंकून त्याला फतेहाबाद नाव दिले, आणि साठ वर्षांनी तो मोगलांकडे गेला. या शेवटच्या घटनेची राजकीय कारणे सर्वांच्या ओळखीची आहेत. १६२६ मध्ये मलिक अंबर वारला. १६२९ मध्ये लखुजी जाधवरावांची दौलताबादेत हत्या झाली आणि दरबारावरचा मराठा सरदारांचा विश्वास उडाला. बंडखोर खानजहान लोदी दक्षिणेत आला आणि त्याच्या पाठलागाच्या निमित्ताने शहाजहान स्वतः बऱ्हाणपुरात येऊन बसला. हे सारे खरे आहे. पण १६३० चा पावसाळा गुजरातपासून दख्खनपर्यंत कोरडा गेला होता, ही गोष्ट त्याच इतिहासात सहसा वेगळ्या प्रकरणात येते. लढाई एकीकडे आणि दुष्काळ दुसरीकडे, अशी ही वाटणी चुकीची आहे. मात्र ‘पाऊस पडला नाही म्हणून निजामशाही बुडाली’ असे सरळ समीकरण मांडणेही तितकेच चुकीचे आहे. पाऊस आणि राज्य यांच्या मध्ये बैल उभा होता, आणि त्याला खायला कडबा नव्हता.

हवामानाने इतिहास कसा वळवला याचा सर्वाधिक अभ्यास युरोपचा झाला आहे. तिथल्या कथेचा नायक थंडी. १३१५ ते १३१७ मध्ये सततच्या पावसाने आणि गारठ्याने उत्तर युरोपची पिके कुजली. १६०० मध्ये पेरू देशातला वायनापुतिना हा ज्वालामुखी फुटला आणि त्यापाठोपाठ १६०१ ते १६०३ या काळात रशियात भीषण दुष्काळ पडून बोरिस गोदुनोव्हची सत्ता खिळखिळी झाली. १६५८ मध्ये तर समुद्राचे पट्टे इतके गोठले की स्वीडनची फौज बर्फावरून चालत डेन्मार्कवर गेली. एमान्युएल ल र्वा लादुरी या फ्रेंच इतिहासकाराने १९६७ मध्येच बजावले होते की हवामानाचा इतिहास आधी हवामानाचा म्हणून लिहा, माणसांच्या उलथापालथी घाईने त्याच्या माथी मारू नका. जेफ्री पार्कर यांनी २०१३ मध्ये उलट बाजू घेतली आणि सतराव्या शतकातली जगभरची युद्धे, बंडे आणि उपासमार यांचा धागा त्या शतकाच्या बिघडलेल्या ऋतुमानाशी जोडला. या वादात मला सर्वांत बोलके वाटते ते हॉलंडचे उदाहरण. थंडी तिथेही तेवढीच होती, पण तो त्या देशाच्या भरभराटीचा काळ ठरला. बाल्टिक किनाऱ्यावरचे धान्य जहाजांत भरून अ‍ॅमस्टरडॅमला आणता येत होते आणि टंचाई असेल तिथे चढ्या भावाने विकताही येत होते. म्हणजे ऋतू किती बिघडला एवढेच विचारून भागत नाही. बिघडल्यावर धान्य कुठून आणि कशावरून आणता येत होते, हेही विचारावे लागते.

हाच प्रश्न धारूरला विचारला की उत्तर भेसूर निघते. बालाघाटावर जहाज चालेल अशी नदी नाही. धान्य यायचे ते बैलाच्या पाठीवरून, वंजारी आणि लमाणांच्या तांड्यांतून. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात चौदा हजार बैलांचा, धान्याने लादलेला एक तांडा भेटला. असे तांडे दिवसाला सहा-सात मैल चालत, कारण बैल वाटेवर चरत चरत जात. तांड्याच्या किफायतीचे सारे गुपित या चरण्यात होते, कारण वाटेवरचे गवत फुकट. आता बऱ्हाणपूर ते धारूर हे अंतर घ्या. सरळ रेषेतही ते पावणेतीनशे किलोमीटर भरते, म्हणजे तांड्याच्या चालीने जवळजवळ महिन्याची वाट. बैलाच्या पाठीवर शंभर-सव्वाशे किलोची गोणी असते, आणि कामाच्या बैलाला दिवसाला सहा-सात किलो तरी कोरडी वैरण लागते. वाटेवर गवत नसेल तर धारूरला पोचेपर्यंत तो बैल आपल्या पाठीवरच्या ओझ्याहून जास्त वैरण खाईल. पाऊस नसला की पीक जाते हे सर्वांना दिसते. त्याच पावसाबरोबर वाहतूकही मरते, हे लक्षात येत नाही. शिवाय या मुलखाचे मुख्य पीक ज्वारी. तिच्या कणसावर माणूस जगतो आणि ताटावर जनावर, त्यामुळे एक पीक बुडाले की दोघांचेही तोंड बंद. युरोपातल्या गव्हाच्या तुटीपेक्षा हा मार दुहेरी होता.

धारूर पडल्यानंतरच्या घडामोडीतही हेच दिसते. आझमखान पुढे परांड्याला वेढा घालायला गेला. अब्दुल हमीद लाहोरी हा बादशाही बखरकार सांगतो की आसपासच्या मुलखात गवत-चारा मिळेना, म्हणून वेढा उठवून फौजेला माघारी धारूरकडे यावे लागले. घोडे, हत्ती, तोफा ओढणारे बैल हे सारे वैरणीवर चालणारे लष्कर होते. जिंकणाऱ्यालाही दुष्काळाने सोडले नाही. फरक इतकाच की बादशहाच्या पाठीशी मोठा खजिना होता. बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरतेत लंगर उघडले गेले, बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले गेले आणि खालसा मुलखातल्या सुमारे सत्तर लाख रुपयांच्या महसुलावर पाणी सोडले गेले. निजामशाहीला असे काही करणे शक्य नव्हते. १६३१ मध्ये पाऊस आला तो इतका आला की उभी पिके पाण्यात गेली. डच वखारींच्या अंदाजाने गुजरातेत तीस लाख आणि निजामशाही मुलखात दहा लाख माणसे मेली. हे आकडे मोजलेले नव्हेत, व्यापाऱ्यांनी अदमासाने मांडलेले आहेत. तरी निम्मे धरले तरी हादरवणारे आहेत.

यावर पहिला आक्षेप असा की दुष्काळ फौजांनी आणला, पावसाला कशाला दोष? रस्ते फौजांनी अडवले, गावे लुटली, उभी पिके कापली, वैरण पळवली, हे खरेच आहे. पण त्या वर्षी मोठी लढाई चालू नसलेला गुजरात दख्खनपेक्षा जास्त होरपळला. सुरतेहून निघालेल्या मंडीने वाटेवर जी प्रेते पाहिली त्यांचा कोणत्याही वेढ्याशी संबंध नव्हता. म्हणून क्रम असा लावावा लागतो: पावसाने मुलूख दुबळा केला आणि फौजेने त्या दुबळेपणाचे मरणात रूपांतर केले. दुसरा आक्षेप लाहोरीबद्दलचा आहे. पगारी दरबारी लेखक, परांड्याच्या अपयशाला चाऱ्याची सबब सांगणारच. शंका रास्त आहे, आणि तिला बळ देणारी गोष्टही आहे. दुष्काळ सरल्यावर, १६३४ मध्ये, शहजादा शुजा आणि महाबतखान यांनाही परांडा घेता आला नाही; तेव्हा सरदारांची भांडणे नडली. तेव्हा परांडा केवळ चाऱ्याअभावी वाचला असे मी म्हणणार नाही. पण १६३१ च्या वैरणटंचाईला इंग्रज-डच कागदांचा स्वतंत्र दुजोरा आहे, आणि सबब असली तरी ती ऐकणाऱ्याला पटेल अशीच सांगितली जाते.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीसही दख्खनमध्ये पावसाने दगा दिला. बस्तरच्या दंडक गुहेतल्या चुनखडीच्या थरांवरूनही त्या सुमाराचा मान्सून क्षीण असल्याचे दिसते. दुर्गादेवीचा दुष्काळ लोकांच्या आठवणीत राहिला तो तेव्हाचाच. मग बहमनी राज्य का टिकले? फिरिश्ता सांगतो की सुलतान मुहंमदशहाने दहा हजार बैल लावून माळवा आणि गुजरातेतून धान्य आणवले. फिरिश्ताने हे दोनशे वर्षांनी लिहिले, त्यामुळे दहा हजारांचा आकडा सैल धरावा. पण व्यवस्थेचा आराखडा विश्वसनीय आहे, आणि त्यातच उत्तर आहे: तेव्हा उत्तरेला धान्य होते आणि वाटेला गवत होते. १६३० मध्ये ज्या गुजरातकडे हात पसरायचा तो गुजरातच उपाशी होता. तेव्हा दुष्काळाची तीव्रता पाहून भागत नाही, त्याचा विस्तार किती हे राज्याचे भवितव्य ठरवताना जास्त मोलाचे असते. पाणी साठवण्यात हा मुलूख अडाणी नव्हता. बीडची खजाना विहीर निजामशाहीतच सोळाव्या शतकात बांधली गेली आणि तिचे पाणी भुयारी वाटेने शेतांना मिळत राहिले. पण अशा विहिरीवर काही शेते भिजतात, डोंगरभर कुरण भिजत नाही.

या वर्षांची खूण पुढे बराच काळ पुसली गेली नाही. देहूत तुकारामांचे दुकान बुडाले, पहिली पत्नी उपासमारीने गेली, हे त्यांच्याच अभंगांतून कळते. १६३३ मध्ये दौलताबाद पडले आणि १६३६ मध्ये निजामशाहीचा मुलूख मोगल आणि आदिलशहा यांनी वाटून घेतला. पण मला याहून बोलका पुरावा वाटतो तो वीस वर्षांनंतरचा. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आला तेव्हा वसूल कागदावरच्या आकड्याच्या कितीतरी खाली होता आणि जमिनी पडीक होत्या. बालाघाटचा दिवाण मुर्शिदकुलीखान याने मोजणी आणि बंदोबस्ताबरोबरच रयतेला बी-बियाण्यासाठी आणि बैलांसाठी तगाई दिली. वीस वर्षांनीही सरकारला बैलाला पैसे द्यावे लागतात, म्हणजे १६३० च्या घावाची जागा कुठे होती ते समजते. माणसे परागंदा होतात आणि कौल मिळाला की परततात. गोठा मात्र नुसत्या कौलाने भरत नाही.

पुढे बैलाचे ओझे रेल्वेने घेतले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सोलापूरपर्यंत गाडी येत होती, धान्यही येत होते. गरिबाच्या हातात ते घ्यायला दाम नव्हता आणि जनावरांसाठी कडबा कोणी गाडीने पाठवत नव्हते. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमी दिली, आणि माणसे भुकेने मरण्याचा काळ बहुतांशी संपला. जनावरांचा मात्र नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यात सर्वाधिक चारा छावण्या बीड जिल्ह्यात उघडाव्या लागल्या. बालाघाटावरच्या ज्या घरांत जुन्या मोडी चोपड्या आणि हिशेबाचे कागद पडून असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. त्यांत कुठल्या साली कडब्याची पेंढी काय भावाने गेली हे नोंदलेले असेल, तर ते अभ्यासकांपर्यंत पोचवा.