वळिवडे निर्वासित छावणी

वळिवडे निर्वासित छावणी ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तत्कालीन कोल्हापूर संस्थानातील वळिवडे गावाजवळ (सध्याचा करवीर तालुका, कोल्हापूर जिल्हा) पोलिश निर्वासितांसाठी उभारण्यात आलेली वसाहत होती. १९४३ ते १९४८ या काळात येथे सुमारे पाच हजार पोलिश नागरिक राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. भारतातील पोलिश वसाहतींपैकी ही सर्वांत मोठी होती. पोलिश लोक निघून गेल्यानंतर याच बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वसवण्यात आले. त्या वस्तीचे आजचे नाव गांधीनगर असे आहे.

आश्रयासंबंधीचा कोणताही कायदा नसताना परकीय निर्वासितांना मोठ्या संख्येने सामावून घेतल्याचे उदाहरण म्हणून या छावणीचा उल्लेख केला जातो. कायद्याच्या अभावी तेथील रहिवाशांचा दर्जा अनिश्चित राहिला. त्यांनी किती काळ राहावे, खर्च कोणी सोसावा आणि युद्धानंतर त्यांनी कोठे जावे, हे प्रश्न अखेरपर्यंत सरकारांमधील तडजोडींवर अवलंबून होते.

पार्श्वभूमी

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. सोव्हिएत ताब्यात गेलेल्या पूर्व पोलंडमधून फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात चार मोठ्या लाटांमध्ये नागरिकांना सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियात हद्दपार करण्यात आले. सोव्हिएत कागदपत्रांवर आधारित गणनेनुसार ही संख्या सुमारे सव्वातीन लाख होती, तर जुने पोलिश अंदाज दहा लाखांच्या आसपास जातात. जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यानंतर ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला व या लोकांची सुटका झाली. जनरल व्वादिस्वाव आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहणाऱ्या पोलिश सैन्याच्या मागोमाग सैनिकांची कुटुंबे आणि अनाथ मुले दक्षिणेकडे सरकू लागली.

१९४२ च्या मार्च-एप्रिल आणि ऑगस्ट महिन्यांत कॅस्पियन समुद्रावरील क्रास्नोवोद्स्क बंदरातून इराणच्या पहलवी (आताचे अंझली) बंदरात सैनिक व नागरिक मिळून सुमारे १ लाख १५ हजार जणांना हलवण्यात आले. मालवाहू आणि तेलवाहू जहाजांवर क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक माणसे भरलेली होती. टायफस आणि आमांशाने ग्रासलेल्या या लोकांपैकी दोन हजारांहून अधिक जण इराणच्या किनाऱ्यावर पोहोचल्यानंतर मरण पावले. एप्रिल १९४३ मध्ये कातिन येथील पोलिश अधिकाऱ्यांच्या हत्याकांडाची बातमी बाहेर आली. त्यानंतर सोव्हिएत संघाने पोलिश सरकारशी संबंध तोडले. जे मागे राहिले, त्यांची वाट बंद झाली.

आश्रयाचा निर्णय

इराणमध्ये त्या वेळी अन्नटंचाई होती. ब्रिटिश व सोव्हिएत फौजांच्या उपस्थितीमुळे ती अधिक तीव्र झाली होती आणि डिसेंबर १९४२ मध्ये तेहरानमध्ये पावासाठी दंगली उसळल्या. पोलिश नागरिकांना इराणबाहेर हलवणे ब्रिटिशांना आवश्यक वाटू लागले. सर्वांत मोठा गट पूर्व आफ्रिकेतील वसाहतींत गेला. सुमारे चौदाशे जणांना मेक्सिकोने, तर १९४४ मध्ये सातशेहून अधिक मुलांना न्यूझीलंडने स्वीकारले. उरलेल्यांपैकी काही हजार भारताच्या वाट्याला आले.

भारतात पहिली पोलिश मुले त्याआधीच, १९४२ मध्ये, खुष्कीच्या मार्गाने आली होती. मशहद, झाहेदान आणि क्वेट्टा या वाटेने ट्रकमधून आणलेल्या या अनाथ मुलांना प्रथम मुंबईत वांद्रे येथे ठेवण्यात आले. नंतर नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळील बालाचडी येथे त्यांची सोय केली. वळिवडे छावणीचा उगम मात्र वेगळा आहे. ती इराणमधून जहाजाने कराचीला येणाऱ्या प्रौढ आणि कौटुंबिक गटांसाठी भारत सरकारने आखलेली योजना होती. कराचीच्या तात्पुरत्या तळांवर काही काळ काढून हे लोक मुंबईमार्गे कोल्हापूरला पोहोचत. मिरज-कोल्हापूर लोहमार्गाचे सान्निध्य, पंचगंगेचे पाणी आणि मानवणारे हवामान या गोष्टी जागेच्या दृष्टीने सोयीच्या होत्या.

लोकप्रिय लेखनात बालाचडी आणि वळिवडे यांची सरमिसळ होते आणि दोन्ही ठिकाणचे श्रेय राजांच्या औदार्याला दिले जाते. बालाचडीबाबत ते बऱ्याच अंशी योग्य आहे. कोल्हापुरात मात्र राजाराम महाराजांचे १९४० मध्ये निधन झाले होते. छावणी उभी राहिली तेव्हा गादीवर शिवाजी महाराज हे दत्तक घेतलेले बालक होते आणि महाराणी ताराबाई यांच्या पुढाकाराखाली रीजन्सीचा कारभार चालू होता. संस्थानाने जमीन व सहकार्य दिले. छावणीचा खर्च पोलिश सरकारच्या नावे ब्रिटिश तिजोरीतून होत असे आणि देखरेख भारत सरकारच्या अधिकाऱ्यांकडे होती.

तत्कालीन राजकीय संदर्भ

ज्या वर्षी वळिवड्याच्या बराकी उभ्या राहिल्या, त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती. शेजारच्या सातारा जिल्ह्यात 'प्रतिसरकार'ची चळवळ जोरात होती आणि काँग्रेसचे बहुतेक नेते तुरुंगात होते. त्याआधीच्या वर्षी, १९४२ मध्ये, जपानी आक्रमणामुळे ब्रह्मदेशातून लाखो भारतीय पायी मायदेशी परतले. त्या स्थलांतरात युरोपीयांसाठी सुकर आणि भारतीयांसाठी खडतर अशा वेगवेगळ्या वाटा राखल्या गेल्याचा आरोप झाला. महात्मा गांधींसह अनेकांनी या भेदभावाचा निषेध केला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ भारतीयांचे खाते तेव्हा विदर्भातील नेते माधव श्रीहरी अणे यांच्याकडे होते, त्यामुळे हा विषय त्यांच्यासमोर आला. फेब्रुवारी १९४३ मध्ये, गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, अणे यांनी पदाचा राजीनामा दिला.

आश्रय कोणाला मिळतो आणि कोणत्या निकषावर, हा प्रश्न म्हणून वळिवड्याच्या आधीच भारतात उपस्थित झालेला होता. वसाहतवादी सरकारने मित्रराष्ट्राच्या नागरिकांसाठी घेतलेला निर्णय आणि स्थानिक लोकांनी दाखवलेली माणुसकी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे भान येथे ठेवावे लागते.

छावणीतील जीवन

छावणीची रचना एखाद्या लहान गावासारखी होती. कौलारू छपराच्या, चटईच्या भिंतींच्या लांबट बराकी कुटुंबांमध्ये विभागलेल्या होत्या. प्रत्येक कुटुंबाला खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि व्हरांडा मिळे. सामुदायिक भोजनगृहाऐवजी रोख भत्ता देण्याची पद्धत होती, म्हणून स्त्रिया बाजारहाट स्वतः करत आणि स्वयंपाक घरी होई. स्थानिक भाजीविक्रेते, दुकानदार आणि कारागीर यांच्याशी रोजचा संबंध त्यातूनच आला. सायबेरियातील उपासमारीनंतर मिळालेला हा स्वयंपाकघराचा ताबा रहिवाशांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

प्राथमिक व माध्यमिक शाळा, व्यवसाय शिक्षणाचे वर्ग, चर्च, रुग्णालय, टपाल कार्यालय आणि नाट्यगृह अशी व्यवस्था होती. स्काउट चळवळ विशेष जोमात होती. शिक्षणाचे माध्यम पोलिश होते आणि अभ्यासक्रम पोलंडमधल्यासारखा ठेवलेला होता, कारण सर्वांनी परत जायचे आहे हे गृहीत धरले होते. क्षयरोगी व अशक्त रुग्णांना पाचगणीला पाठवले जाई. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत एउगेनिउश बनाशिन्स्की आणि त्यांच्या पत्नी, रेड क्रॉसच्या प्रतिनिधी कीरा बनाशिन्स्का, यांनी निर्वासितांच्या व्यवस्थेत मोठा वाटा उचलला. कीरा बनाशिन्स्का यांनी पुढे आयुष्यभर भारतातच काम केले. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली आणि तेथील मुले वळिवड्यात आणण्यात आली.

परतीचा प्रश्न

युद्ध संपल्यावर छावणीचा खरा पेच सुरू झाला. याल्टा परिषदेतील निर्णयांनुसार पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकली. वळिवड्यातील बहुतेक कुटुंबांची गावे आता सोव्हिएत संघात गेली होती. आज हा प्रदेश युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनिया या देशांत आहे. ज्या राजवटीने त्यांना हद्दपार केले होते, तिच्याच प्रभावाखालील देशात परतण्यास अनेकांनी नकार दिला. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने वॉर्सातील नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. त्याबरोबर छावणीचा अधिकृत पालकच नाहीसा झाला.

छावणीची जबाबदारी पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन प्रशासनाकडे, म्हणजे उन्राकडे, आणि १९४७ पासून आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेली. उन्राचा भर मायदेशी परत पाठवण्यावर होता. परतणे न परतणे हा ज्याच्या त्याच्या निवडीचा विषय असावा, अशी रहिवाशांची भूमिका होती. ब्रिटनने १९४७ मध्ये केलेल्या पोलिश पुनर्वसन कायद्यामुळे आंदेर्स यांच्या सैन्यात लढलेल्यांच्या कुटुंबीयांना तेथे जाता आले. हा कायदा पुष्कळ कुटुंबांसाठी निर्णायक ठरला. ज्यांचे नातलग सैन्यात नव्हते, त्यांना पूर्व आफ्रिकेतील छावण्या, ऑस्ट्रेलिया किंवा पोलंड यांपैकी मार्ग निवडावा लागला. भारतात स्थायिक होण्याचा मार्ग व्यापक प्रमाणात खुला नव्हता. स्थानिक पुरुषांशी विवाह करून मागे राहिलेल्या स्त्रिया मोजक्याच होत्या. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली.

सिंधी निर्वासित आणि गांधीनगर

फाळणीनंतर, विशेषतः जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर, सिंधमधील हिंदू मोठ्या संख्येने जहाजांनी मुंबई बंदरात उतरू लागले. मुंबई प्रांताच्या सरकारने १९४८ मध्ये निर्वासितांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा केला. आपण परके नसून नागरिक आहोत, मग आपल्यावर नोंदणीचे बंधन कशासाठी, असा आक्षेप सिंधी समाजातून घेण्यात आला. मुंबई शहरावरील भार कमी करण्यासाठी लोकांना कल्याण (आताचे उल्हासनगर), पिंपरी आणि वळिवडे यांसारख्या ठिकाणच्या लष्करी व युद्धकालीन वसाहतींत पाठवण्यात आले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

पोलिश कुटुंबांनी सोडलेल्या खोल्यांत सिंधी कुटुंबे राहू लागली. फरक एवढाच की या दुसऱ्या गटाला परत जाण्याचा पर्याय नव्हता आणि कोणी तशी अपेक्षाही धरली नव्हती. फेरी आणि किरकोळ कापडविक्रीपासून सुरुवात करून त्यांनी गांधीनगरला दक्षिण महाराष्ट्रातील घाऊक कापडाची मोठी बाजारपेठ बनवले. बाजारात येणाऱ्या बहुतेक ग्राहकांना या जागेचा पोलिश इतिहास ठाऊक नसतो.

कायदेशीर संदर्भ आणि सार्वजनिक चर्चा

भारताने १९५१ चा निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करार व १९६७ चा पूरक करार स्वीकारलेला नाही. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात निर्वासित असा स्वतंत्र वर्ग नव्हता. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या इमिग्रेशन व परकीय नागरिक कायद्यानेही तो निर्माण केलेला नाही. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चे संरक्षण परकीयांनाही असल्याचे स्पष्ट केले. मात्र एप्रिल २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात न्यायालयाने, हद्दपार न होण्याचा हक्क हा देशात वास्तव्य करण्याच्या हक्काला जोडलेला आहे आणि तो केवळ नागरिकांना आहे, अशी भूमिका घेतली. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्यावरील वादात दोन्ही बाजूंनी भारताच्या आश्रयाच्या परंपरेचा दाखला दिला.

युरोपातही हा प्रश्न धगधगता आहे. इंग्लिश खाडी लहान होड्यांतून ओलांडणाऱ्यांची संख्या २०२२ मध्ये ४५ हजारांवर गेली आणि त्यांना रवांडाला पाठवण्याच्या ब्रिटिश योजनेवर तीव्र वाद झाला. ती योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली आणि जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने रद्द केली. खुद्द पोलंडने मार्च २०२५ मध्ये, बेलारूसच्या सीमेवरून येणाऱ्यांच्या बाबतीत आश्रयाचा अर्ज करण्याचा हक्क तात्पुरता स्थगित करता येईल असा कायदा केला.

स्मृतिस्थळे

कोल्हापुरातील महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचे स्मारक आहे. शहरात मृत रहिवाशांची दफनभूमीही आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पोलंडच्या उपपरराष्ट्रमंत्र्यांच्या उपस्थितीत स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले. वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाने स्मारक असून ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे आणि जामसाहेबांच्या स्मारकाला भेट दिली. येथे वाढलेल्या मुलांनी पुढे लंडनमध्ये 'भारतातील पोलिशांची संघटना' स्थापन करून छावणीच्या आठवणी आणि छायाचित्रे संकलित केली.