पेणचें मीठ आणि कलकत्त्याचें कौन्सिल

शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं पौष सरतांच पेण व उरण या बाजूंच्या मिठागरांत वर्दळ सुरू होई. उधाणाच्या भरतीचें पाणी खाडींतून बाहेरच्या मोठ्या तळ्यांत घ्यावयाचें, उन्हानें तें दाट होऊं द्यावयाचें, मग पाटानें आंतल्या लहान वाफ्यांत सोडावयाचें, आणि खडा धरला कीं लाकडी फावड्यानें ओढून बांधावर त्याची रास करावयाची, असें हें काम मृगाच्या सरी येईपर्यंत चाले. समुद्र फुकट, ऊन फुकट. कष्ट तेवढे आगऱ्याचे. परंतु रास बांधावर पडली, कीं तिच्यावर सरकारची नजर बसे. मिठागराच्या तोंडाशीं खात्याचे शिपाई पहारा करीत, आणि कर भरून परवाना घेतल्यावांचून एक टोपलीहि बाहेर जात नसे.

हा कर १८८८ सालीं मणामागें दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. मणाचे शेर चाळीस आणि अडीच रुपयांचे आणेहि चाळीस, म्हणजे शेरामागें एक आणा! कोळणीची खारी मासळी, कुणब्याची आंबील आणि गुरांचें आंबोण यांना मीठ सारखेंच लागतें, आणि श्रीमंताचें पोट गरिबाहून अधिक मीठ खात नाहीं; म्हणून हा कर ज्याच्यापाशीं कमी त्यालाच अधिक जाचे.

तथापि या करामुळें एक विलक्षण गोष्ट घडली. देशांत ज्वारी किती खाल्ली गेली किंवा तांदूळ किती रांधला गेला, याचा नेमका हिशेब कोणापाशींच नव्हता. मिठाचा मात्र होता, कारण प्रत्येक मण तोलून, कर घेऊन, वहींत मांडून मगच बाहेर सुटे. त्या वह्यांतील बेरजा मीठखात्याच्या वार्षिक अहवालांत छापल्या जात. करवसुली चोख व्हावी एवढ्याचसाठीं ठेवलेला हा हिशेब, पण लोकांच्या ताटांत काय कमी पडत आहे तेंहि त्यांत लिहिलें जात होतें. तें वाचणारा मात्र कोणी तरी हवा होता.

असा वाचणारा महाराष्ट्रांत होता. राव बहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे शिक्षणखात्यांत हेडमास्तर होते व पुढें साताऱ्यास राहिले. सरकारी अहवाल म्हणजे रद्दी, असें समजण्याच्या काळांत ते अहवाल ते पोथीसारखे वाचीत. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकांत देशाच्या सांपत्तिक स्थितीवर त्यांनीं लिहिलेले लेख न्यायमूर्ति रानड्यांच्या लेखांच्या पंक्तीस बसणारे आहेत. सभा गाजविणें हा त्यांचा पिंड नव्हता. १८९७ सालीं गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास विलायतेस गेले, तेव्हां त्यांच्या तयारीमागें रानड्यांच्या शिकवणीबरोबर जोशांचे आंकडेहि होते.

पुढें गोखले व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलांत गेले. त्या वेळचें तें कौन्सिल कसें होतें, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. दुसरें सभागृह तेव्हां नव्हतेंच. आणि १८९२ च्या कायद्यानें अंदाजपत्रकावर बोलण्याचा अधिकार दिला होता, मत देण्याचा नव्हे. आंत सरकारी सभासदांचें बहुमत होतें. पराभव अगोदरच ठरलेला, मग जिंकावयाचें तें काय? प्रतिपक्षाची खात्री, किंवा निदान त्याची अडचण! केवळ वक्तृत्वानें लॉर्ड कर्झनसारखा पुरुष अडचणींत येणें शक्य नव्हतें. गोखल्यांनीं जोशांस पत्रें लिहून साहाय्य मागितलें, आणि साताऱ्याकडून आलेल्या टिपणांचा उपयोग मोकळेपणानें केला.

२६ मार्च १९०२ रोजीं कलकत्त्यास गोखल्यांचें अंदाजपत्रकावरील पहिलें भाषण झालें. १८९६ व १८९९ सालच्या दुष्काळांनीं देश होरपळला असतां खजिन्यांत मात्र वर्षानुवर्ष शिल्लक पडत होती, आणि सरकार तिला भरभराटीची खूण म्हणत होतें. ही शिल्लक भरभराटीची नसून कृत्रिम रीतीनें महाग केलेल्या रुपयाची व जरुरीहून जड ठेवलेल्या करांची आहे, असें त्यांनीं दाखविलें. मिठाविषयीं त्यांचा पुरावा खात्याच्याच अहवालांतला होता: कर वाढला तेव्हांपासून लोकसंख्येच्या मानानें मिठाचा खप वाढला नाहीं, उलट ब्रह्मदेशांत, जेथें कर एकच रुपया होता, तेथें माणशीं खप अधिक होता. हिंदुस्थानचा मनुष्य मीठ कमी खातो तें आवडीनें नव्हे, हें यापरतें स्पष्ट कसें करावें? पुरावा सरकारच्याच दप्तरचा असल्यामुळें तो खोटा म्हणण्याची सोय उरली नव्हती.

त्या वर्षीं कांहींच झालें नाहीं. पण १९०३ मध्यें कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्यें दीड, आणि १९०७ मध्यें एक रुपया. हें सर्व गोखल्यांच्या भाषणांनींच घडलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. शिल्लक मोठी होती आणि कर उतरविल्याचें श्रेय सरकारलाहि हवें होतें. पण कर उतरला कीं खप वाढतो, हें गोखले दर वर्षीं नव्या आंकड्यांनिशीं सभागृहास ऐकवीत राहिले. जोशी १९११ मध्यें वारले. दुसऱ्या वर्षीं त्यांच्या लेखांचा व भाषणांचा जाडजूड ग्रंथ निघाला. तो आज फार थोड्यांच्या हातीं पडतो.

पुढें १९२१ मध्यें कौन्सिल ऑफ स्टेट हें वरिष्ठ सभागृह स्थापन झालें. साठांच्या आंत सभासद, मताधिकार धनिकांचा व मानकऱ्यांचा. दोनच वर्षांत मिठाचा प्रश्न त्याच्यापुढें आला. तूट भरून काढण्यासाठीं सव्वा रुपयाचा कर पुनः अडीच रुपये करावा, असें १९२३ च्या अंदाजपत्रकांत होतें. असेंब्लीनें तें नाकारलें. लॉर्ड रीडिंग यांनीं शिफारस करून तें वरिष्ठ सभागृहाकडे पाठविलें, तेथें तें मंजूर झालें. असेंब्लीनें पुन्हां नाकारलें, आणि व्हाइसरॉयनीं आपल्या खास अधिकारांत कर बसविला. आंकडे वीस वर्षांपूर्वींच्याहून अधिक व उघड होते, आणि या वेळीं सभासदांपाशीं मतहि होतें. शेरामागें एक आणा या जुन्या हिशेबावर गाडी पुन्हां येऊन थांबली. वर्षभरानें, १९२४ मध्यें, कर पुन्हां सव्वा रुपयावर आणावा लागला.

मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारानें ज्या गांवीं मीठ पिकतें तेथील लोकांस घरापुरतें मीठ घेण्याची मोकळीक मिळाली. पुढें फेब्रुवारी १९४७ च्या अंदाजपत्रकांत कर रद्द केल्याचें जाहीर झालें, आणि त्या वर्षाच्या १ एप्रिलपासून, ऐन मिठागरांच्या हंगामांत, तो उठला.