संवेष्टन-कचरा व उत्पादकाचे दायित्व

मालाचे वेष्टन वापरून झाल्यावर ते गोळा करणे, वेगळे करणे व त्यावर पुनर्प्रक्रिया करणे यांचा खर्च वेष्टन बाजारात आणणाऱ्याने सोसावा, या तत्त्वास ‘उत्पादकाचे विस्तारित दायित्व’ म्हणतात. स्वीडनमधील टोमास लिंडक्विस्ट यांनी १९९० च्या सुमारास ही संज्ञा मांडली आणि १९९१ च्या जर्मन अध्यादेशाने संवेष्टनाच्या बाबतीत तिला राष्ट्रव्यापी कायद्याचे रूप दिले. कोल्हापूरसारख्या मध्यम शहराच्या बाजूने तिचा भारतातील इतिहास पाहिला असता मुख्य अडचण ध्यानात येते : वेष्टन जेथे भरले जाते व जेथे त्याचा कचरा होतो, ती ठिकाणे बहुधा निराळी असतात.

कोल्हापुरात नगरपालिका १८५४ मध्ये व महानगरपालिका १९७२ मध्ये स्थापन झाली. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार केरकचरा हलविणे हे महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. काचेच्या बाटल्या, पत्र्याचे डबे व रद्दी यांना मोडीत भाव येत असल्याने त्यांचा भार तिच्यावर फारसा पडत नसे. पातळ पिशव्या आणि वेफर, शाम्पू इत्यादींच्या बहुस्तरीय पुड्या मात्र वजनाने हलक्या व मळक्या असल्याने भंगारवाला त्या घेत नाही. त्या कसबा बावड्यातील ‘झूम’ प्रकल्पाच्या ढिगाऱ्यावर जातात किंवा जयंती नाल्यावाटे पंचगंगेत उतरतात.

याउलट दुधाच्या पिशवीचे प्लॅस्टिक धुऊन पुन्हा वापरण्याजोगे असते. महाराष्ट्र शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने अशा पिशवीवर किमान ५० पैसे पुनर्खरेदी किंमत छापण्याचे व पिशव्या परत घेण्याची व्यवस्था उभारण्याचे बंधन घातले. राज्यात दररोज सुमारे १ कोटी पिशव्या टाकल्या जातात व त्यांपासून ३१ टन कचरा होतो, असे २०१९ मध्ये विधानसभेत सांगण्यात आले. तथापि ही पद्धत रुजली नाही. ५० पैशांचे नाणे व्यवहारातून जवळजवळ लोपले असता त्यासाठी गिऱ्हाईक पिशवी धुऊन परत आणील, ही अपेक्षाच भाबडी होती. शिवाय १९६३ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाचे ‘गोकुळ’ दूध मुंबई-पुण्यातही विकले जाते. त्या पिशव्यांचा कचरा तेथील महानगरपालिका उचलतात. उलट परगावच्या कंपन्यांच्या पुड्या कोल्हापूरच्या घंटागाडीत पडतात.

केंद्राच्या २०११ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांत हे तत्त्व प्रथम आले. मात्र आपल्या हद्दीत नोंदलेल्या उत्पादकांना व हद्दीत नोंदणीकृत कार्यालय असलेल्या नाममुद्राधारकांनाच नगरसंस्थांनी संकलनात सामील करून घ्यावे, अशी त्यांत तरतूद होती. मुंबई-दिल्लीतील कंपन्या त्यामुळे कोल्हापूरच्या कक्षेबाहेरच राहिल्या. पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २०१३ मध्ये याच नियमांचा आधार घेऊन वापरलेले सॅनिटरी पॅड उत्पादक कंपन्यांकडे परत पाठविले. पॅड हे वेष्टन नव्हे, पण प्रश्न तोच होता. एप्रिल २०१६ च्या घनकचरा नियमांनी कथिल, काच व प्लॅस्टिक यांची वेष्टने बाजारात आणणाऱ्यांनी स्थानिक संस्थांना आवश्यक अर्थसाहाय्य द्यावे, असे स्पष्ट म्हटले. ते किती व कोणत्या दराने द्यावयाचे, हे मात्र नियमात नव्हते. दर न ठरलेले देणे वसूल करणे कोणत्याही लेखापालास अवघडच.

फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दायित्व टनांत मोजण्यास आरंभ केला. नोंदणीकृत प्रक्रियाकार प्रक्रिया केलेल्या प्लॅस्टिकसाठी प्रमाणपत्र देतो. उत्पादक ते विकत घेऊन आपले लक्ष्य पूर्ण करतो. हद्दीचा अडसर यामुळे दूर झाला. पण पैसा नगरसंस्थेकडे न जाता प्रक्रियाकाराकडे जाऊ लागला. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळास लाखो बनावट प्रमाणपत्रे आढळली. अमेरिकेतील मेन राज्याच्या २०२१ च्या कायद्यात उत्पादकांच्या शुल्कातून नगरसंस्थांचा खर्च भरून देण्याची तरतूद आहे. ब्रिटनमध्येही २०२५ पासून असे शुल्क स्थानिक संस्थांना मिळू लागले. भारतातील स्थानिक संस्था उत्पादकांशी परस्पर करार करू शकतात, पण तो करण्याची सक्ती उत्पादकांवर नाही. कोल्हापुरात वेगळे केलेले प्लॅस्टिक कारखान्यात पोहोचले की प्रमाणपत्र कारखान्याच्या नावे होते; घंटागाडीचे इंधन व वर्गीकरणाची मजुरी मात्र महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकातच राहते.