ओनिचा

नायजेरियाच्या अनाम्ब्रा राज्यातील इग्बो लोकांचे प्रसिद्ध शहर व नदीबंदर. लोकसंख्या २,६३,१०९ (२००६, ओनिचा उत्तर व दक्षिण मिळून). १९६३ साली १,६३,०३२. लगतच्या वस्त्या धरल्यास आजची लोकसंख्या दहा लाखांवर जाते. नायजर नदीच्या पूर्व तीरावर, एनुगूच्या पश्चिमेस सु. १०० किमी.वर ते वसले असून समोरच्या तीरावर असाबा आहे. नदीपासून आत, उंचावरील भागात मूळ कुळांची वस्ती व राजवाडा आहे. काठालगतच्या ओटू, फेगे, ओडोआक्पू या भागांत मुख्यतः इतर इग्बो प्रदेशांतून आलेले व्यापारी राहतात.

इतिहास : परंपरेनुसार येथील लोक एझे चिमा या पुरुषाचे वंशज असून सोळाव्या शतकाच्या सुमारास बेनिन राज्याकडून निघून, नायजर ओलांडून येथे स्थिरावले. हे बेनिन-मूळ सर्वच अभ्यासकांना मान्य नाही. तथापि येथील राजपद व दरबारी पदांवर बेनिनची छाप स्पष्ट दिसते. १८५७ मध्ये ब्रिटिश संशोधक बेकी याच्या नायजर मोहिमेबरोबर मिशनरी सॅम्युएल अजायी क्राउदर व जे. सी. टेलर येथे आले. ओबी (राजा) अकाझुआ याने त्यांना जागा दिली आणि इग्बो प्रदेशातील पहिले ख्रिस्ती (अँग्लिकन) मिशन उभे राहिले. त्याच वर्षी ब्रिटिश व्यापारी मॅक्‌ग्रेगर लेअर्डची वखारही निघाली. व्यापारावरून तंटे वाढून १८७९ मध्ये ब्रिटिश युद्धनौकेने शहरावर तोफा डागल्या. १८८५ मध्ये कॅथलिक मिशनरी आले. दोन्ही पंथांच्या चुरशीतून येथे शाळा झपाट्याने वाढल्या. डेनिस मेमोरियल ग्रामर स्कूल (१९२५) व क्राइस्ट द किंग कॉलेज (१९३३) या त्यांपैकी नामांकित होत.

यादवी युद्धाचा (१९६७–७०) शहराला जबर तडाखा बसला. १९६५ मध्ये पूर्ण झालेला नायजर पूल फुटून निघालेल्या बियाफ्राच्या माघार घेणाऱ्या सैन्याने ऑक्टोबर १९६७ मध्ये उडवला, शहराचा मुख्य बाजार भस्मसात झाला आणि मार्च १९६८ मध्ये शहर संघराज्याच्या फौजांच्या हाती पडले. दुसरा पूल २०२३ मध्ये खुला झाला.

समाज व परंपरा : राजास ओबी म्हणतात; आल्फ्रेड न्नाएमेका अचेबे हे २००२ पासून गादीवर आहेत. ओबीखाली न्दिचिए हे सरदार असून त्यांत ओनोवू अग्रस्थानी असतो. पूर्वी स्त्रियांची प्रमुख ‘ओमू’ बाजारावर देखरेख ठेवी. एकोणिसाव्या शतकातील न्वाग्बोका ही अखेरची ओमू; तिच्यानंतर हे पद भरले गेले नाही.

ऑक्टोबरातील ‘ओफाला’ हा सर्वांत मोठा उत्सव. पूर्वी ओबी एरवी वाड्याबाहेर पडत नसे; त्यामुळे प्रजेला त्याचे दर्शन घडे ते याच दिवशी. याम या कंदाच्या नव्या पिकाच्या विधींनंतर व काही दिवसांच्या एकांतवासानंतर पिसांचा मुकुट घातलेला ओबी प्रकटतो. ‘उफिए’ हे पोकळ लाकडी वाद्य वाजू लागते, तोफांचे बार होतात, लाल टोप्यांचे मानकरी सामोरे येतात आणि ओबी राजवाद्यांच्या तालावर प्रजेपुढे नृत्य करतो. ‘ओटू ओडू’ मंडळाच्या स्त्रिया शुभ्र वस्त्रे, पोवळ्यांच्या माळा आणि पायांत हस्तिदंताची जाड कडी घालून येतात. ही कडी इतकी वजनदार असतात, की स्त्रियांची चाल आपोआप संथ होते. ‘म्मानवू’ हे मुखवटाधारी पूर्वजांचे आत्मे मानले जातात. त्यांच्या मंडळात स्त्रियांना प्रवेश नसतो.

साहित्य : १९४० ते १९६० च्या दशकांत येथील छोट्या छापखान्यांतून इंग्रजी चोपड्या निघाल्या. प्रेम, पैसा, सदाचार व राजकीय पुढारी हे त्यांचे विषय. शिक्षक, विद्यार्थी व व्यापारी त्या लिहीत आणि नवसाक्षर वाचक त्या बाजारात विकत घेत. ओगाली ए. ओगाली यांचे ‘व्हेरोनिका माय डॉटर’ (१९५६) हे नाटक विशेष गाजले. आफ्रिकी लोकप्रिय साहित्याच्या अभ्यासात या चोपड्यांना मानाचे स्थान आहे.

अर्थव्यवस्था : कापड, औषधे, मोटारींचे सुटे भाग, याम व मासळी यांचा मोठा व्यापार चालतो. शहरात हवेचे प्रदूषणही मोठे होते; जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या आकडेवारीत येथील हवेतील सूक्ष्म धूलिकणांचे (१० मायक्रॉनपर्यंत) प्रमाण घनमीटरला ५९४ मायक्रोग्रॅम होते.

नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्नाम्दी अझिकिवे (१९०४–९६) मूळचे येथील. बाजाराने ओनिचाचे नाव दूरवर पोहोचवले हे खरे. परंतु मिशन, वसाहतवाद व युद्ध यांतून टिकून राहिलेली राजसंस्था हेच या शहराचे खरे वैशिष्ट्य होय.