घरून काम करताना कंबर दुखते? महागडी खुर्ची घेण्याआधी हे वाचा

डायनिंग टेबलवर लॅपटॉप, खाली जेवणाची खुर्ची आणि सलग आठ तास काम. संध्याकाळी उठताना कंबर धरते, मान आखडते. तुमचंही असंच होतं का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटी ३० लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. यातली प्रत्येक कंबर बसून दुखत नाही. पण कामाची जागा नीट लावली तर रोजचा ताण नक्की कमी करता येतो.

बसल्याने नेमकं काय होतं?

कमरेत पाच मणके असतात आणि त्यांच्यामध्ये गादीसारख्या चकत्या. उभं असताना कमरेला आतल्या बाजूने हलका बाक असतो. पोक काढून बसलं की तो सपाट होतो आणि मागचे स्नायू, अस्थिबंध ताणलेले राहतात.

स्वीडनचे डॉक्टर आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात चकत्यांमधला दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा बसताना तो जास्त असतो, असं त्यांना दिसलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या मोजणीत मात्र हा फरक फारसा आढळला नाही. त्यामुळे बसणं म्हणजे विष नव्हे. एकाच स्थितीत तासन् तास बसून राहणं मात्र त्रासाचं ठरतं.

टेबल उंच पडतं, मग काय करायचं?

आपल्याकडचं डायनिंग टेबल साधारण ३० इंच उंच असतं आणि खुर्चीची बैठक १८ इंचांच्या आसपास. बसल्यावर आपला कोपर बैठकीपासून साधारण आठ-नऊ इंच वर येतो, म्हणजे जमिनीपासून २६-२७ इंचांवर. टेबल तीन-चार इंच उंच पडल्यामुळे टाइप करताना खांदे नकळत वर उचलले जातात. मान आणि खांदे भरून येण्याचं हे एक मोठं कारण.

यावर घरातलेच उपाय आहेत.

- बैठक: टणक उशी किंवा घडी घातलेली सतरंजी ठेवून उंची वाढवा. खांदे सैल सोडल्यावर कोपर कीबोर्डच्या पातळीला यायला हवेत.
- पाय: उंची वाढली की पाय लोंबकळतात. खाली पाट ठेवा. पावलं पूर्ण टेकलेली हवीत आणि गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा हवी.
- कंबर: टॉवेलची गुंडाळी करून कमरेच्या बाकात ठेवा आणि पाठ खुर्चीला टेका. अगदी ताठ बसायची गरज नाही, किंचित मागे रेलून बसलं तरी चालतं.
- स्क्रीन: समोर, हातभर अंतरावर ठेवा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली असावी.

लॅपटॉपची खरी अडचण

लॅपटॉपचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. हात नीट ठेवले तर मान वाकते आणि स्क्रीन वर घेतला तर हात अधांतरी राहतात. म्हणून जाड पुस्तकांवर किंवा स्टँडवर लॅपटॉप ठेवा आणि वेगळा कीबोर्ड-माउस वापरा. खर्च करायचाच असेल तर खुर्चीआधी यावर करा. पलंगावर मांडीत लॅपटॉप घेऊन दिवसभर काम करणं टाळाच.

नुसती खुर्ची बदलून भागेल?

नाही. २०१६ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात २१ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. व्यायाम आणि त्यासोबत योग्य माहिती मिळालेल्यांमध्ये कंबरदुखीचा धोका ४५ टक्क्यांनी कमी दिसला. कमरेचे पट्टे, बुटातले इनसोल किंवा केवळ कामाच्या जागेतले बदल यांचा तसा फायदा दिसला नाही.

म्हणजे मांडणीमुळे काम सुसह्य होतं, पण कंबर मजबूत होते ती हालचालीने. दर अर्ध्या तासाने उठा. फोन आला की चालत बोला. पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता स्वयंपाकघरात ठेवा. रोज चालणं आणि पोट-पाठीच्या स्नायूंचा थोडा व्यायाम करा.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत कमी होते. त्यासाठी अंथरुणाला खिळून राहायची गरज नसते, झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवा.

पण लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. मणक्यातल्या नसा दबल्याची ही लक्षणं असू शकतात. उशीर झाला तर नुकसान कायमचं होऊ शकतं. ताप, कारण नसताना वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं किंवा आधी कॅन्सर झालेला असणं, यांपैकी काही असेल तरीही मालिश, मलम करत थांबू नका, लवकर तपासून घ्या.